सेंट्रोसोमची गांठ

घाटकोपर-मुलुंडकडच्या ज्या कुटुंबांनीं कर्करोगाच्या रुग्णासाठीं परळच्या खेपा केल्या असतील, त्यांना एका जंताची गोष्ट सांगितली तर त्यांनीं रागावूं नये. घोड्याच्या आंतड्यांतील या जंताच्या अंड्यांत गुणसूत्रें अगदीं थोडीं व ठळक असतात. तेथेंच १८८७ सालीं बेल्जममधील एदुआर व्हान बेनेडेन आणि जर्मनींतील थिओडोर बोव्हेरी यांनीं, एकमेकांवर अवलंबून न राहतां, पेशीच्या विभागणीचीं सूत्रें हलविणारा एक बिंदू ओळखला. पुढील वर्षीं बोव्हेरीनें त्याला सेंट्रोसोम हें नांव दिलें.

विभागणीपूर्वीं या बिंदूचे दोन होतात, ते पेशीच्या दोन टोकांस जातात आणि त्यांपासून निघणारे तंतू गुणसूत्रांची समान वांटणी करतात. बोव्हेरीनें सागरी अर्चिन या कांटेरी प्राण्याच्या अंड्यांत दोन शुक्रपेशी शिरूं दिल्या, तेव्हां चार ध्रुव झाले, वांटणी विस्कटली व बहुतेक गर्भ बिघडले. कर्करोगाचें मूळ अशाच विषम वांटणींत असावें, हा तर्क त्यानें १९१४ सालीं मांडला. दुसऱ्याच वर्षीं तो वारला. इतक्या थोड्या साधनांवर इतका दूरचा तर्क जीवशास्त्रांत क्वचितच कोणीं केला असेल.

परंतु दोन सेंट्रोसोम वेळ येईपर्यंत एकत्र राहतात कशानें? सेंट्रोसोमच्या पोटांत सूक्ष्म नळकांडीं असतात. त्यांच्या बुडाशीं असणारें सी-नॅप१ हें प्रथिन १९९८ सालीं एरिक निग यांच्या प्रयोगशाळेनें दाखविलें. रूटलेटिन या प्रथिनाचे धागे तेथूनच निघून दोहोंस बांधून ठेवतात, हें २००५ सालीं कळलें. लग्नांत वधूवरांच्या शेल्यांस मारलेली गांठ विधि आटोपतांच सोडतात. येथेंही नेक२ नांवाचें प्रथिन मुहूर्तावर फॉस्फेट चिकटवून ही गांठ सोडवितें.

आतां आपल्या शेजारीं येऊं. परळला १९५२ सालीं स्थापन झालेलें, डॉ. वसंत रामजी खानोलकरांनीं वाढविलेलें कर्करोग संशोधन केंद्र पुढें खाडीपलीकडे खारघरला गेलें. तेथील डॉ. सोराब दलाल व त्यांचे सहकारी यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलें कीं, १४-३-३ गॅमा हें प्रथिन काढून घेतलें असतां नळकांडीं अकालीं विलग होतात, सेंट्रोसोम फाजील वाढतात आणि उंदरांत अर्बुदें अधिक होतात. अशा पेशी मरत कां नाहींत? त्या जादा सेंट्रोसोम दोन टोकांशीं गोळा करून, वरकरणीं दोनच असल्याचें सोंग आणतात. हे पुंजके मोडतांच बोव्हेरीच्या अंड्यांप्रमाणें अनेक ध्रुव झाले, पेशी मरूं लागल्या व अर्बुदांची वाढ घटली.