तबकडीवरचे नाव आणि घड्याळाचा कर्ता

कोल्हापुरातील जुन्या वाड्यांतून, पेठांतील दुकानांतून आणि काही मशिदींतून भिंतीवरची लंबकाची घड्याळे अजूनही पाहावयास मिळतात. त्यांतील बरीचशी बंद पडलेली असतात. "आजोबांच्या वेळचे आहे" किंवा "विलायती आहे" याहून अधिक घरच्या मंडळींना सांगता येत नाही. तबकडीवर एखादे नाव असते आणि तोच त्या घड्याळाचा कर्ता, असे आपण धरून चालतो. परंतु असे घड्याळ दुरुस्तीसाठी उघडले की हा समज डळमळू लागतो. घड्याळ कोणी केले, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्याचे उत्तर शोधण्याची रीत हीच इतिहास शोधण्याचीही रीत आहे, म्हणून विद्यार्थ्यांनी ती समजून घ्यावी.

'घड्याळ' हा शब्दच मुळी आजच्या यंत्रापेक्षा जुना आहे. तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे भांडे पाण्यावर सोडीत. ते भरून बुडावयास एक घटिका, म्हणजे 24 मिनिटे लागत. भांडे बुडाले की टांगलेल्या जाड धातूच्या थाळीवर टोला पडे. ती थाळी म्हणजेच घड्याळ. बाबर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील या पद्धतीचे वर्णन केले आहे. रात्री जाग आलेल्या माणसास घडीचे टोल ऐकू येत, पण प्रहर कोणता हे कळत नसे. म्हणून घडीच्या टोलांनंतर प्रहराचे टोलही द्यावेत, अशी आज्ञा त्याने केली. ती थाळी ओतणाऱ्या आणि रात्रभर जागून ती वाजविणाऱ्या माणसांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

कर्त्याचे नाव आणि कृती दोन्ही जपणारा एक मोठा अपवाद म्हणजे अल-जझारी. दियारबकिरच्या आर्तुकी राजांच्या पदरी तो पंचवीस वर्षे यंत्रकार होता. 1206 साली त्याने यंत्रांवरील आपला अरबी ग्रंथ पुरा केला. त्यात पाण्यावर चालणारी घड्याळे कशी करावीत, कोणता भाग किती मापाचा घ्यावा, तो कोठे व कसा जोडावा, हे आकृत्यांसह दिले आहे. आपल्या घड्याळातील एक कल्पना आर्किमिडीजच्या पद्धतीवरून घेतली, हेही तो मोकळेपणाने नमूद करतो. 1974 मध्ये डोनाल्ड हिल यांनी या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. पुढे 1976 मध्ये लंडनच्या विज्ञान संग्रहालयात त्यातील एक भव्य जलघड्याळ पुन्हा बांधून चालवून दाखविण्यात आले. जवळजवळ पावणेआठशे वर्षांनंतर हे शक्य झाले, कारण कर्त्याने काहीही हातचे राखून ठेवले नव्हते.

आता आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध घड्याळाकडे वळू. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर कोणास माहीत नाही? 280 फूट उंचीच्या या मनोऱ्यास नाव आहे ते प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याच्या मातोश्रींचे. कापसाच्या तेजीच्या काळात, 1864 साली, प्रेमचंदांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. 1869 मध्ये पायाभरणी झाली आणि 1878 मध्ये काम पुरे झाले. नकाशे लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. स्कॉट कधीच हिंदुस्थानात आले नाहीत, आणि मनोरा पुरा होण्यापूर्वी, मार्च 1878 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. घड्याळ लंडनच्या लुंड अँड ब्लॉकली या पेढीचे. ते पूर्वी सोळा निरनिराळ्या सुरावटी वाजवीत असे.

मग या मनोऱ्याचा कर्ता कोणास म्हणावे? ज्यांचे नाव आहे त्या राजाबाई, ज्यांनी पैसा दिला ते प्रेमचंद, ज्यांनी कागदावर रेघा ओढल्या ते स्कॉट, की ज्यांचा शिक्का घड्याळावर आहे ती पेढी? या यादीत आणखी एक नाव घातले पाहिजे. ते म्हणजे साहाय्यक इंजिनिअर रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांचे. प्रत्यक्ष बांधकामावर त्यांची देखरेख होती. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांचे जे 24 दगडी पुतळे आहेत, तेही त्यांनीच घडविले. खालून जाणारा माणूस वर पाहतो तो वेळ पाहण्यासाठी. पुतळे कोणी केले हे विचारणारा क्वचितच भेटतो. 2013 ते 2015 या काळात टॉवरचे जीर्णोद्धाराचे मोठे काम झाले. असे काम हाती घेतले की जुने नकाशे, हिशेब व अहवाल उघडावे लागतात, आणि विसरलेली नावे पुन्हा वर येतात.

आपल्या कोल्हापूरचा नवा राजवाडाही असाच आहे. मधोमध घड्याळाचा मनोरा असलेली ही वास्तू 1877 ते 1884 या काळात उभी राहिली. तिचे नकाशे करणारे मेजर चार्ल्स मँट 1881 मध्येच वारले. म्हणजे ही वास्तू पुरी झालेली त्यांनी पाहिलीच नाही. नकाशा एकाचा, तो दगडात उतरविणारे हात दुसऱ्यांचे. लंडनच्या बिग बेनची कथाही वेगळी नाही. रचना डेनिसन या वकिलाची, काम हाती घेतले एडवर्ड डेंट यांनी. ते 1853 मध्ये वारले आणि पुढच्या वर्षी घड्याळ पुरे केले त्यांच्या सावत्र मुलाने.

घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाचीही चौकशी याच मार्गाने करावी. पहिली गोष्ट, तबकडीवरचे नाव पुष्कळदा विकणाऱ्या पेढीचे असते. खरी साक्ष आतल्या पितळी पत्र्यावर सापडते. आठ टोकांच्या ताऱ्यात 'जे' हे रोमन अक्षर असेल तर यंत्र जर्मनीच्या युंगहान्स कारखान्याचे. हे चिन्ह 1890 पासूनचे. 'सेकोशा' असेल तर ते टोकियोचे. किंतारो हत्तोरी यांनी तो कारखाना 1892 मध्ये काढला. 'ॲन्सोनिया' ही अमेरिकन कंपनी. 1929 मध्ये तिची यंत्रसामग्री सोविएत रशियाने विकत घेतली, तेव्हा तिचे अस्सल घड्याळ त्यापूर्वीचेच असले पाहिजे. सेथ थॉमस या अमेरिकन कंपनीची तर गंमतच आहे. तिच्या पुष्कळ घड्याळांवर वर्ष उलटे छापलेले असते आणि पुढे महिन्याचे अक्षर असते. 6981 वाचले तर अर्थ लागत नाही. उलटे वाचले की 1896 निघते.

याखेरीज पत्र्याच्या कडेला सुईने कोरलेल्या बारीक खुणा नीट पाहाव्यात. घड्याळजी मंडळी दुरुस्तीनंतर तारीख किंवा आपली सही अशी कोरून ठेवीत. कारखान्याने घड्याळ एकदाच केले, पण ते पन्नास-पाऊणशे वर्षे चालते ठेवले ते या माणसांनी. कर्त्यांच्या यादीत त्यांनाही जागा हवी. फार घासूनपुसून घड्याळ चकचकीत करणारा मनुष्य नकळत त्यांच्याच सह्या पुसून टाकीत असतो.

म्हणून दुरुस्तीचे काही नियम सांगणे जरूर आहे. उघडण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. घट्ट गुंडाळलेली स्प्रिंग एकदम सुटली तर बोटे जायबंदी होतात. ती सैल करण्याचे काम जाणकारानेच करावे. काढलेला प्रत्येक भाग, मोडका असला तरी, जपून ठेवावा. एखादा दाता तुटला असेल तर चाक फेकून देऊ नये. बारीक काम करणारा कारागीर नवा दाता बसवू शकतो, आणि यंत्रकामासाठी नावाजलेल्या आपल्या गावात असा हात शोधणे अशक्य नाही. नंतर लंबक. सेकंदाला एक झोका घेणारा लंबक सुमारे एक मीटर लांबीचा असतो. तो केवळ एक मिलिमीटर लांबला तर घड्याळ दिवसाला सुमारे 43 सेकंद मागे पडते. उन्हाळ्यात लोखंडी दांडी किंचित वाढते आणि घड्याळ रेंगाळते, यात घड्याळाचा दोष नाही. बिग बेनच्या लंबकावर एक जुनी पेनी ठेवली की ते दिवसाला 0.4 सेकंद पुढे जाते. इतक्या नाजूक हिशेबावर ते अवाढव्य यंत्र चालते.

आज मात्र सोपा मार्ग म्हणून जुने यंत्र काढून भंगारात देतात आणि त्या जागी सेलवर चालणारे यंत्र बसवितात. लाकडी पेटी तीच राहते, वेळही बिनचूक दिसते, परंतु शिक्का, क्रमांक, घड्याळजीच्या सह्या हा सारा पुरावा गेला तो कायमचाच. बंद पडलेले घड्याळ म्हणजे मेलेले घड्याळ नव्हे. लखनौच्या हुसेनाबादचे प्रसिद्ध मनोऱ्याचे घड्याळ 1984 मध्ये बंद पडले होते. जाणकारांनी चिकाटीने काम केल्यावर 2011 मध्ये ते पुन्हा चालू झाले. यंत्र जागेवर होते, म्हणूनच हे घडले.

पालकांना विनंती एवढीच, की जुने घड्याळ भंगारवाल्याच्या हाती देण्यापूर्वी एकदा त्याचा मागचा भाग उघडून पाहावा. विद्यार्थ्यांनी एक वही करावी. आपल्या घरातील, मोहल्ल्यातील, मशिदीतील जुन्या घड्याळांची त्यात नोंद करावी: तबकडीवरचे नाव, आतला शिक्का, क्रमांक, कोरलेल्या खुणा, ते कोणी व केव्हा आणले याविषयी वडीलधाऱ्यांनी सांगितलेली माहिती. ऐकलेले आणि पाहिलेले निरनिराळ्या रकान्यांत लिहावे. ज्या वयोवृद्ध घड्याळजींनी ही घड्याळे हाताळली, त्यांच्याकडे जाऊन बसावे आणि त्यांचे नाव वहीच्या पहिल्या पानावर घालावे. अल-जझारीने आपल्या आधीच्यांची नावे घातली होती. आपणही तेवढे करावयास हरकत नाही.