पायाखालची रंगीत लादी

शिवाजी पार्कभोवतालच्या जुन्या इमारतींत शिरले की पायाखाली नक्षीदार, रंगीत लादी दिसते. पुष्कळांना ती चिनी मातीची वाटते. तसे नाही. चिनी मातीची लादी भट्टीत भाजावी लागते. ही सिमेंटची, हिला विस्तव ठाऊकच नाही.

भाजलेली लादी आपल्याकडे विलायतेहून येई. राजाबाई टॉवरखालच्या ग्रंथालयात मिंटनच्या लाद्या आहेत. असा माल गिरणीतल्या कामगाराच्याच काय, कारकुनाच्याही घरात येणे शक्य नव्हते. सिमेंटच्या लादीचे तंत्र एकोणिसाव्या शतकात फ्रान्स-स्पेनकडे वाढले. आपल्याकडे तिला स्वदेशीने हात दिला. १९२२ साली फेरोजशा व रुस्तम सिधवा या दोघा पारशांनी भारत फ्लोअरिंग टाइल्स कंपनी काढली, कारखाना उरणला. परदेशी मालाच्या तोडीची लादी इथे करावयाची, अशी ईर्षा होती.

ती होते कशी, हे पाहण्यासारखे आहे. लोखंडी चौकटीत धातूच्या पट्ट्यांची जाळी ठेवतात. तिच्या प्रत्येक घरात सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग यांचा पातळ रस हाताने ओततात. मग जाळी अलगद उचलावयाची. हात जरा हलला की हिरवा तांबड्यात शिरलाच! वर कोरडे सिमेंट, त्यावर वाळू-सिमेंटचा थर, आणि मग दाबयंत्र. पुढे लादी पाण्यात मुरते. रंगाचा थर जाड असल्यामुळे तो पायांनी सहज झिजत नाही. लादी उलटली तर पाठीवर बहुधा कारखान्याचे नाव असते. जाळी उचलणाऱ्याचे नाव कोठेच नसते, आणि नक्षीचा इतिहास लिहिणारे त्याची विचारपूस करीत नाहीत.

१९२५ साली माहीम पार्क म्हणून खुल्या झालेल्या मैदानाला १९२७ मध्ये शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. त्याच्या कडेने १९३० नंतर मध्यमवर्गाच्या इमारती उठल्या. खोलीच्या कडेने पट्टा, मध्ये भरणा, ही गालिच्याची मांडणी. गालिचा परवडत नव्हता, लादी परवडली. परळच्या चाळीत मात्र साधी फरशीच राहिली.

पुढे मोझॅक आले, मग मोरबीची चकचकीत लादी. आता पुनर्विकासात या इमारती पडत आहेत. धीराने छिन्नी चालवली तर पुष्कळ लाद्या अखंड निघतात. पण पाडकामाचा ठेका दिवसांवर असतो, मजुराची रोजी त्याच्याशी बांधलेली असते, आणि नक्षी राडारोड्याबरोबर ट्रकमध्ये पडते.