लायसनवरची तारीख

अमेरिकेत गाडी चालवण्याचा परवाना आणि देशात राहण्याची परवानगी यांचा बराच काळ एकमेकांशी संबंध नव्हता. मॅसॅच्युसेट्स आणि मिसूरी यांनी 1903 मध्ये चालक-परवाना सक्तीचा केला. साउथ डकोटात तो यायला 1954 उजाडले. परवाना राज्य देई, व्हिसा केंद्र सरकार. माणसाला गाडी आवरता येते का, एवढेच राज्य पाही. त्याची राहण्याची मुदत संपली का, हे खिडकीमागचा कारकून सहसा विचारत नसे.

ही घडी मोडणाऱ्यांत कॅलिफोर्निया ठळक. गव्हर्नर पीट विल्सन यांनी 1993 मध्ये सही केलेल्या कायद्याने पुढच्या वर्षापासून परवान्यासाठी कायदेशीर वास्तव्याचा पुरावा मागितला जाऊ लागला. पाठोपाठ 1996 चा केंद्रीय स्थलांतर कायदा आला. मुदतीनंतर 180 दिवसांहून अधिक राहून देश सोडला, तर तीन वर्षे परत येता येत नाही. वर्ष उलटले असेल तर दहा वर्षे.

मग 2001. एप्रिलमध्ये फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत पोलिसांनी पुढे 11 सप्टेंबरच्या हल्ल्यात विमान चालवणाऱ्या मोहम्मद अत्ताला अडवले. परवाना नव्हता, म्हणून समन्स हातात ठेवून सोडले. काही दिवसांतच त्याने रीतसर परवाना काढला. कोर्टात मात्र फिरकला नाही, वॉरंट निघाले. पण जुलैत डेलरे बीचला जास्त वेगासाठी पुन्हा अडवले, तेव्हा त्या पोलिसाला वॉरंटचा पत्ताच नव्हता. सप्टेंबरनंतर अशा हुकलेल्या क्षणांची उजळणी झाली आणि 11 मे 2005 रोजी ‘रिअल आयडी’ कायदा आला. या कायद्याच्या निकषांवरचा, तात्पुरत्या राहणाऱ्या परदेशी माणसाचा परवाना त्याच्या मुक्कामाच्या मुदतीबरोबरच संपतो. धास्ती दहशतवाद्यांची होती. भार पडला तो पहाटे गाडी काढून कामावर जाणाऱ्यांवर.

एडिसन किंवा फ्रीमाँटमधल्या मराठी घरांनाही हे ठाऊक आहे. तिथे ‘स्टॅम्पिंग’ची, म्हणजे पासपोर्टवर व्हिसा लावून घेण्याची, चर्चा सतत चालते, पण तो व्हिसा फक्त दारातून आत येण्यापुरता. राहण्याची मुदत ठरते आय-94 या प्रवेश-नोंदीवर. व्हिसा संपला आणि आय-94 चालू असेल, तर राहण्यात काही गैर नाही. पूर्वी हे पासपोर्टला टाचलेले छोटे पांढरे कार्ड असे, त्यावर शिक्का आणि तारीख. 2013 पासून विमानाने येणाऱ्यांसाठी ते संगणकावर गेले आणि तारीख नजरेआड झाली. पासपोर्ट लवकर संपणार असेल, तर विमानतळावरचा अधिकारी अनेकदा त्या दिवसापर्यंतचीच मुदत देतो. एच-1बी या नोकरीच्या व्हिसाचे मंजुरीपत्र तीन वर्षांचे, म्हणून घरचे निर्धास्त. आणि लायसन नव्याने काढायला गेल्यावर कारकून सांगतो, ‘तुमची मुदत संपली आहे.’

मुदत संपल्यावर गाडी चालवणे हा स्थलांतर कायद्यातला वेगळा गुन्हा नाही. धोका पुढच्या साखळीत आहे. लायसन संपलेले, मागचा दिवा फुटलेला, पोलिसाने बाजूला घेतले. जॉर्जियासारख्या राज्यात विनापरवाना गाडी चालवल्याबद्दल अटक होऊ शकते. तुरुंगात घेतलेले बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात, आणि 2008 मध्ये सुरू झालेल्या ‘सिक्युअर कम्युनिटीज’ योजनेमुळे तिथून थेट स्थलांतर खात्याकडे. जामीन मिळाला तरी त्या खात्याच्या विनंतीवरून माणसाला आणखी 48 तास धरून ठेवले जाऊ शकते. एका फुटक्या दिव्यापायी घरदार विस्कटावे, ही शिक्षा अपराधाच्या मानाने फारच मोठी आहे.

कॅलिफोर्नियाने पुढे आपल्या 1993 च्या कायद्यापासून माघार घेतली, तीही अडखळत. गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी 2003 मध्ये कागदपत्रांविना राहणाऱ्यांनाही परवाने देण्याचा कायदा केला. त्यांची खुर्ची गेली आणि कायदा अंमलात येण्याआधीच रद्द झाला. गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी 2013 मध्ये तो पुन्हा आणला. जानेवारी 2015 पासून पहिल्याच वर्षात सहा लाखांहून अधिक परवाने दिले गेले. फ्लोरिडाने मात्र जुलै 2023 पासून इतर राज्यांनी अशा लोकांसाठी काढलेले खास परवाने अमान्य केले. कनेक्टिकटमध्ये निर्धास्त गाडी चालवणारा माणूस त्याच परवान्यावर फ्लोरिडाच्या हद्दीत शिरला, की तिथे तो विनापरवाना चालक ठरतो.