चार लोक काय म्हणतील?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

एक पेला चहा प्यायल्यानं माणूस बाटतो, असं आज कुणी म्हटलं तर आपण हसू. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात मात्र यावरून मोठं ग्रामण्य झालं.

ऑक्टोबर १८९० मधली गोष्ट. पंचहौद मिशनमध्ये सभा होती. न्यायमूर्ती रानडे, टिळक आणि शहरातली बरीच शिकलीसवरलेली मंडळी तिथं जमली होती. कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढं चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी पेला हातात घेऊन नुसताच खाली ठेवला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी चाळीसहून अधिक जणांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि एकच गदारोळ उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. आपण काशीला प्रायश्चित्त घेतलं आहे, असं टिळकांनी सांगितलं. १८९२ मध्ये रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं.

रानडे प्रार्थना समाजाचे धुरीण. ख्रिस्ती माणसाच्या हातच्या चहानं पाप लागतं, असं त्यांना वाटणं शक्यच नव्हतं. मग प्रायश्चित्त कशासाठी? रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत उत्तर मिळतं: मित्रांच्या घरच्यांना होणाऱ्या त्रासासाठी. बहिष्कार म्हणजे नुसता अबोला नव्हे. मुंजीला, श्राद्धाला भटजी मिळत नाही. पंक्तीत पान मांडलं जात नाही. मुलीची सोयरीक जुळत नाही.

आता बहिष्कार घालणाऱ्यांकडे पाहा. त्यातल्या काहींना चहाचा विटाळ मनापासून वाटत असेलही. पण बहिष्कृताच्या घरी जो जेवेल, तोही बहिष्कृत, असा नियम होता. मग ज्याला काहीच वाटत नव्हतं, तोही गप्प बसला आणि लांब राहिला. प्रत्येक जण शेजाऱ्याला भीत होता आणि शेजारी त्याला.

हे फक्त पुण्याचं किंवा ब्राह्मणांचंच दुखणं नव्हे. आमच्या घरातही ते होतं. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तोंडी तलाकाच्या विरोधात. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. आमच्या मोहल्ल्यात त्यांचं नाव निघालं की अब्बा इतरांपेक्षा जरा जास्तच चिडून बोलत. लहानपणी मी तेच खरं मानलं. घरात मात्र माझी फुफी होती. नवऱ्यानं एका दमात तीनदा तलाक म्हणून तिला माहेरी पाठवलं होतं. ती मशीनवर लोकांचे कपडे शिवायची.

कॉलेजात असताना एका रात्री मी अब्बांशी यावरून भांडलो. त्यांनी आधी दाराला कडी घातली. मग म्हणाले, “तो माणूस खोटं बोलत नव्हता रे.” मी त्यांना भित्रा म्हटलं. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, “तुझ्या तीन बहिणी आहेत. स्थळं तू आणणार आहेस का?”

तेव्हा मला ही पळवाट वाटली. आज वाटतं, अब्बांना सत्य कळत होतं. ते बोलण्याची किंमत त्यांच्या लेकींना मोजावी लागणार होती. पण तेही पूर्ण खरं नाही. त्यांच्या गप्प राहण्याची किंमत फुफी मोजतच होती. आणि त्यांचं चारचौघांतलं बोलणं ऐकून माझ्यासारखी पोरं तेच सत्य मानून वाढत होती. समजुती टिकतात त्या अशा. मनात नसलेलं मोठ्यांनी बोलायचं आणि लहानांनी ते मनात ठेवायचं.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तलाक रद्दबातल ठरवला. त्यानंतर मोहल्ल्यातले दोघे-तिघे वडीलधारे चहाच्या टपरीवर मला म्हणाले, “आम्हाला ते आधीपासूनच पटत नव्हतं.”

मला ते खोटं वाटलं नाही. पण ते ऐकायला फुफी उरली नव्हती.