स्ट्रासबर्गचे ज्यू हत्याकांड

स्ट्रासबर्गचे ज्यू हत्याकांड : (१४ फेब्रुवारी १३४९). ऱ्हाईन नदीलगतच्या स्ट्रासबर्ग शहरात (तेव्हा पवित्र रोमन साम्राज्यात, आज फ्रान्समध्ये) प्लेगच्या भीतीतून व सत्तासंघर्षातून झालेली ज्यूंची सामूहिक हत्या. ‘काळा मृत्यू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साथीच्या काळात यूरोपातील अनेक ज्यू वसाहती नष्ट झाल्या. त्यांतील हे एक मोठे हत्याकांड होय.

ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याची अफवा १३४८ मध्ये पसरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिनिव्हा सरोवराकाठच्या शियों किल्ल्यात तोनों येथील एका ज्यू शल्यवैद्यासह अनेकांचा छळ करून कबुलीजबाब घेण्यात आले आणि त्यांच्या नकला स्ट्रासबर्गला धाडल्या गेल्या. ज्यूही प्लेगने मरतात आणि ज्यू नाहीत तेथेही साथ आहेच, असे सांगून पोप सहावा क्लेमेंट याने या आरोपाचा इन्कार केला. पण त्याचा उपयोग झाला नाही. ९ जानेवारी १३४९ रोजी बाझेलमधील ज्यूंना जिवंत जाळण्यात आले.

स्ट्रासबर्गचा नगरप्रमुख पेटर श्वार्बर व त्याचे सहकारी ज्यूंच्या संरक्षणाच्या बाजूने होते. ज्यूंकडून मिळणाऱ्या करांच्या बदल्यात नगराने त्यांना अभय दिले होते. आल्सेसमधील सरदार, बिशप व नगरे यांच्या बेनफेल्ट येथील बैठकीत स्ट्रासबर्गच्या प्रतिनिधींनी आपल्या ज्यूंचा काही दोष आढळला नसल्याचे सांगितले. तेव्हा, मग तुमच्याकडे विहिरी झाकून पोहरे का काढून ठेवले, असा उलट सवाल त्यांना करण्यात आला. फेब्रुवारीत कारागिरांच्या श्रेणींनी उठाव करून श्वार्बरला पदच्युत केले. नव्या नगरसभेने शुक्रवारी, १३ तारखेला ज्यूंना पकडले आणि दुसऱ्या दिवशी, शब्बाथच्या दिवशीच, त्यांच्या दफनभूमीत लाकडी मंच उभारून त्यावर त्यांना जाळले. बाप्तिस्मा स्वीकारणारे वाचले. काही मुलांना आईबापांपासून ओढून घेऊन ख्रिस्ती करण्यात आले. इतिवृत्तकारांनी मृतांचा आकडा सु. २,००० दिला असला, तरी अनेक अभ्यासक तो अतिरंजित मानतात.

त्या दिवसापर्यंत शहरात प्लेगचा शिरकाव झालेला नव्हता. साथ आली ती त्यानंतर काही महिन्यांनी, उन्हाळ्यात. ज्यूंच्या सावकारीतील कर्जखते रद्द झाली, गहाण वस्तू ऋणकोंना परत मिळाल्या आणि रोख रक्कम कारागिरांत वाटली गेली. ज्यू श्रीमंत नसते आणि सरदार त्यांचे ऋणको नसते, तर ते जाळले गेले नसते, असा निष्कर्ष स्थानिक इतिवृत्तकारांनीच नोंदवला आहे. ज्यू राजाच्या संरक्षणाखाली मानले जात. तरीही राजा चौथा कार्ल याने त्याच वर्षी नगराला माफी दिली.

नगरसभेने ज्यूंना १०० वर्षे वास्तव्यबंदी घातली, परंतु सु. १३६९ मध्ये काही कुटुंबांना पुन्हा प्रवेश मिळाला. शतकाच्या अखेरीस त्यांचीही हकालपट्टी झाली. पुढे ज्यूंना दिवसा व्यापारासाठी शहरात येता येई. मात्र संध्याकाळी शिंग वाजताच वेशीबाहेर पडावे लागे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९१ मध्ये ज्यूंना नागरिकत्व मिळाले आणि हे निर्बंध संपुष्टात आले.