बीच ते तांबरम : मद्रासचा लोहमार्ग

मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेवरची पहिली रेल्वेगाडी धावली. त्यानंतर सहा वर्षांनी, ११ मे १९३१ रोजी, साउथ इंडियन रेल्वेने मद्रासमध्ये बीच ते तांबरम ही विद्युत उपनगरी सेवा सुरू केली. मीटरगेजवरील विद्युतीकरणाचा भारतातील हा पहिला प्रयोग होय.

सुमारे २९ किलोमीटरांचा हा मार्ग बंदराजवळून निघतो. फोर्ट, पार्क, एग्मोर, नुंगमबाक्कम, मांबलम व सैदापेट जोडीत अडयार नदी ओलांडतो आणि गिंडी, सेंट थॉमस माउंटमार्गे तांबरमला पोहोचतो. मांबलमलगत १९२० च्या दशकात आखलेल्या त्यागरायनगरास या सेवेचा मोठा आधार लाभला. बंदर आणि किल्ल्याच्या परिसरात नोकरी करणाऱ्या सामान्य माणसास आता तेथेच महागडे बिऱ्हाड थाटण्याची सक्ती उरली नाही. परवडेल तेथे घर आणि मिळेल तेथे काम, ही सोय त्याला या गाडीने दिली.

पुढे १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहाऐवजी २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह आला. १ जुलै २००४ रोजी मीटरगेज सेवा थांबली आणि उपनगरी वाहतुकीचा सारा भार ब्रॉडगेजवर आला. रूळ रुंदावले, गाड्या पालटल्या. श्रमिकाच्या घराला शहराशी जोडण्याचे मूळ कार्य मात्र अखंड चालू आहे.