दानं : सांचीच्या कठड्यावरचे वर्गणीदार

गणपतीच्या वर्गणीला निघाले की पावतीपुस्तकाबरोबर माणसांची ओळखही नव्याने होते. कोण जुन्या गल्लीतून नव्या कॉलनीत राहायला गेले, कोणाची मुलगी पुण्याला नोकरीस लागली, कोणाच्या घरी यंदा सुतक आहे, हे सगळे पावती फाडता फाडता कळते. गेल्या वर्षी अशाच एका फेरीत एका वाड्यातल्या आजींनी नेहमीचे एकशे एक रुपये आमच्या हाती ठेवले आणि विचारले, "भाऊ, मागच्या पुस्तकात आमचं नाव कुठे दिसलं नाही हो. गळलं का?"

नाव गळले नव्हते, गाळले होते. कागद आणि छपाई महागली म्हणून आमच्या मंडळाने 251 रुपयांच्या आतल्या वर्गणीदारांची नावे स्मरणिकेत छापणे बंद केले होते. तो ठराव झाला त्या बैठकीत आम्हीही होतो आणि हातही वर केला होता. चार पाने वाचत होती, ती जाहिरातींना देता येत होती. हिशेबात चूक काहीच नव्हती. पण आजींना काय सांगावे ते सुचेना. "बघतो" एवढेच म्हणून आम्ही जिना उतरलो.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब सांचीला जाणे झाले. इंदूरहून भोपाळ ओलांडून पुढे गेले की विदिशेच्या अलीकडे टेकडीवर हा स्तूप लागतो. वर्गणीत येणाऱ्या दोनशेच्या नोटेच्या मागच्या बाजूला छापलेला स्तूप तो हाच. आमच्या पिढीतल्या इंदूरकरांनी शाळेच्या सहलीत तो एकदा तरी पाहिलेला असतो. तोरणावरचे हत्ती आणि यक्षी पाहायच्या, डबे खायचे आणि परतायचे. कठड्यावरच्या अक्षरांकडे तेव्हा कोणी लक्ष वेधले नव्हते.

आमचे शिक्षण स्थापत्याच्या पदविकेपुरते आणि नोकरी सरकारी बांधकामांची मोजमापे लिहिण्याची. त्यामुळे कुठेही गेलो तरी नजर आधी सांध्यांकडे जाते. सांचीचा मूळ स्तूप विटांचा, अशोकाच्या काळातला, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. पुढच्या शतकात तो दगडाने मढवून मोठा केला गेला आणि त्याच्याभोवती दगडी कठडा, म्हणजे वेदिका, उभी राहिली. चार दिशांची कोरीव तोरणे त्याही नंतरची, सातवाहनांच्या काळातली. हा कठडा लाकडी कुंपणाच्या पद्धतीने बांधलेला आहे. उभे खांब, दोन खांबांमध्ये खाचांत बसवलेले तीन आडवे दगड आणि वरून एकसलग दिसणारी दगडी पट्टी. आडव्या दगडाला सूची म्हणत. आधी दगड घडवायचा, मग बसवायचा, असे सुट्या भागांचे काम. त्यामुळे सगळा कठडा देण्याची ऐपत नसलेल्यालाही त्यातला एक दगड देता येत होता. कोणी एक खांब दिला, कोणी एक सूची, कोणी प्रदक्षिणेच्या वाटेवरची एक फरशी. ज्याने जो दगड दिला त्यावर त्याचे नाव कोरले.

सांचीच्या टेकडीवर असे आठशेच्या वर लेख मिळाले आहेत. त्यांतले बहुतेक एका ओळीचे, ब्राह्मी लिपीतले, प्राकृत भाषेतले. मजकूर साधारण एकाच साच्याचा : अमुक गावच्या अमक्याचे दान. गाव कधी असते, कधी नसते. धंदा कधी सांगितलेला असतो. विणकर आहे, सुतार आहे, घोडेस्वार आहे, व्यापारी आणि श्रेष्ठी आहेत. लेखक, म्हणजे कारकून, आहे आणि राजाचा लिपिकारही आहे. सरकारी नोकरांची वर्गणी तेव्हापासून चालत आली आहे, हे वाचून आम्हाला बरे वाटले! भिक्षू आणि भिक्षुणी तर मोठ्या संख्येने आहेत. ज्यांनी घरदार सोडले त्यांनीही कुठून तरी जमवून एक दगड दिला. बायकांची नावे पुष्कळ आहेत. काही जणी स्वतःच्या नावाने, काही कोणाची आई, कोणाची बायको अशा नात्याने.

आपल्या माळव्याची गावे या यादीत ठळक आहेत. उज्जैन, तेव्हाची उजेनी, पुन्हा पुन्हा येते. तिथल्या काही कुळांतल्या निरनिराळ्या माणसांनी निरनिराळे दगड दिले आणि प्रत्येकाचा लेख वेगळा आहे. घराच्या कर्त्याच्या नावाखाली सगळ्यांना गुंडाळलेले नाही. विदिशा तर शेजारचीच. दक्षिण तोरणाच्या एका खांबावर लिहिले आहे की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंताच्या कारागिरांनी केले. एरवी फण्या आणि डब्या कोरणारे हात दगडावर कसे चालले असतील, हे ते काम जवळून पाहिल्यावर पटते. काही दगड एकट्यादुकट्याचे नसून सगळ्या गावाचे आहेत. काही गोठीचे आहेत. गोठी म्हणजे गोष्ठी, एकत्र जमणाऱ्या लोकांची मंडळी. आपण ज्याला मंडळ म्हणतो त्याचाच हा पूर्वज म्हणायला हरकत नाही. त्यांच्याही बैठका होत असतील आणि तिथेही कोणी तरी खर्चाचा विषय काढत असेल.

राजाचे नाव दक्षिण तोरणावर आहे, पण ते कसे येते पाहा. तोरणाची एक आडवी तुळई वासिष्ठीचा मुलगा आनंद याने दिली. हा आनंद राजा श्रीसातकर्णीच्या कारागिरांचा मुख्य होता. म्हणजे तिथे राजाचे नाव येते ते आपल्या कारागिराची ओळख सांगण्यापुरते.

या लेखांत आणखी एक गोष्ट नाही, ती म्हणजे रक्कम. खांब देणाऱ्याला किती खर्च आला आणि सूची देणाऱ्याला किती, हे कुठेही कोरलेले नाही. श्रेष्ठीच्या नावाला आणि विणकराच्या नावाला तेच शब्द लागतात, शेवटी तेच 'दानं'.

या शेवटच्या शब्दानेच पुढे मोठे काम केले. ब्राह्मी लिपी वाचण्याची विद्या आपल्याकडे लोपून गेली होती. अशोकाचे स्तंभ आणि शिलालेख समोर होते, पण त्यांत काय लिहिले आहे हे कोणालाही सांगता येत नव्हते. जेम्स प्रिन्सेप हा कलकत्त्याच्या टांकसाळीतला अधिकारी अनेक वर्षे या अक्षरांच्या मागे होता. 1837 साली कॅप्टन एडवर्ड स्मिथ याने सांचीच्या या छोट्या लेखांच्या नकला उतरवून त्याच्याकडे पाठवल्या. त्या नीट लावून ठेवताना प्रिन्सेपच्या लक्षात आले की जवळजवळ प्रत्येक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतो. एखादा मोठा ग्रंथ तुकड्यातुकड्यांनी कोरला असता तर असे झाले नसते. मग हे सुटे सुटे लेख कशाचे? देवळांत भाविक लोक आपल्या देणगीची नोंद दगडावर करतात हे त्याला ठाऊक होते. त्यावरून त्याने ताडले की ही दोन अक्षरे 'दानं' असली पाहिजेत आणि त्यांच्या आधी वारंवार येणारे 'स' हे षष्ठीचे, म्हणजे आपल्या 'चा-ची-चे'चे, चिन्ह असले पाहिजे. एवढे धागे हाती आल्यावर बाकीची अक्षरे भराभर उलगडली. दिल्लीच्या स्तंभावरचा मजकूर वाचता आला आणि दोन हजार वर्षे मुका असलेला अशोक बोलू लागला.

आम्ही हे पुन्हा पुन्हा मनात घोळवतो. सम्राटाच्या आज्ञा वाचायची किल्ली सम्राटाच्या लेखांत सापडली नाही. एक सूची किंवा एक फरशी देणाऱ्या माणसांनी आपली नावे लिहून ठेवली आणि सगळ्यांनी एकाच साच्यात लिहिली, म्हणून ती सापडली. नावे दोन-चारच असती तर शेवटची अक्षरे सारखी आहेत हे ध्यानातही आले नसते. खर्च वाचवण्यासाठी कोणी लहान दात्यांचे लेख गाळले असते, तर ते वाचन आणखी किती लांबले असते कोण जाणे!

दान म्हणजे वास्तूला दगड, एवढाच अर्थ मात्र त्या लोकांनी घेतला नव्हता. याच कठड्यावर गुप्तकाळातला एक लेख आहे, गुप्त संवत 131 चा, म्हणजे इसवी सन 450–51 चा. सनसिद्ध नावाच्या उपासकाची पत्नी हरिस्वामिनी हिने इथल्या विहाराला सोळा दीनार दिले. त्यांतले बारा अक्षयनीवी म्हणून. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायचे, आजच्या भाषेत कायम ठेव. त्या व्याजातून रोज एका भिक्षूला जेवण घालायचे. उरलेल्यांपैकी तीन दीनारांच्या व्याजातून रत्नगृहात तीन दिवे आणि एका दीनाराच्या व्याजातून चार बुद्धमूर्तींच्या ठिकाणी एक दिवा. एका बाईने आपल्या चार पैशांचे इतके नेटके अंदाजपत्रक करून ठेवले की दिवा कोणता कुठल्या पैशांतून जळेल हे दीड हजार वर्षांनीही कळते.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतला, म्हणजे पांडवलेण्यांतला, एक लेख याहून जुना आहे. आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षातला. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने शेजारच्या गोवर्धन गावातल्या कारागिरांच्या श्रेणींकडे पैसे ठेवले. त्यांत पाण्याची यंत्रे करणारे होते, तिळाचे तेल काढणारे तेली होते. त्या ठेवीच्या व्याजातून काय करायचे? चारही दिशांनी येऊन या डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंपैकी जो आजारी पडेल त्याच्या औषधपाण्याची सोय. आजारी माणूस कोणत्या गावचा, कोणत्या देशाचा, याची अट नाही. तेल्याच्या घाण्यावर फिरणारा पैसा अनोळखी माणसाच्या काढ्यापर्यंत पोचवण्याची ही व्यवस्था.

हे वाचताना आम्हाला आमच्या शाळकरी वयातली एक पहाट आठवते. 1993 ची अनंत चतुर्दशी. त्या रात्री इंदूरला गिरण्यांच्या झांक्या रात्रभर निघतात आणि सगळे शहर रस्त्यावर असते. झांक्या पाहून आम्ही उजाडता घरी आलो आणि झोपलो. दुपारी उठलो तो घरात रेडिओ मोठ्याने लागला होता. 30 सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला होता. विसर्जन करून थकून झोपलेली किल्लारीच्या परिसरातली गावे दगडमातीच्या जड भिंतींखाली गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसे गेली.

आमच्या गल्लीत त्याच आठवड्यात मदत गोळा झाली. मोठ्यांनी पैसे जमवले आणि आम्ही मुले पोती धरून दारोदार फिरलो. कोणी पायलीभर तांदूळ दिले, कोणी घोंगडी. शेजारच्या एका घरात गिरणी बंद पडल्यापासून पगार नव्हता. त्या काकूंनी एक वाटी डाळ पोत्यात घातली आणि म्हणाल्या, "लिहून घे रे, जाधवांकडून म्हणून." आम्ही वहीत लिहिले. वही पुढे कुठे गेली माहीत नाही. तेव्हा वाटले होते, वाटीभर डाळीचे काय लिहायचे? आता वाटते, त्यांना फुशारकी मारायची नव्हती. संकटाच्या वेळी आपणही माणसांत होतो, देणाऱ्यांत होतो, एवढेच त्यांना नोंदवायचे होते. पगार बंद झालेल्या घराला त्या नोंदीची गरज इतरांपेक्षा जास्त होती.

आजींचा प्रश्नही हाच होता. तो कळायला आम्हाला सांचीपर्यंत जावे लागले.

यंदाच्या पहिल्या बैठकीत आम्ही विषय पुन्हा काढला. खर्चाचे काय, हा प्रश्न रास्तच होता. त्यावर आम्ही सांचीची रीत सुचवली. नाव आणि गल्ली छापायची, रक्कम छापायची नाही. रकमेचा रकाना काढला की एका पानावर तीन स्तंभ बसतात आणि चार पानांची यादी दोन पानांत येते. मोठे देणगीदार नाराज होतील, असे एकाने म्हटले. पण मंडळाला सर्वांत मोठी देणगी देणारे गृहस्थ तिथेच बसले होते. ते म्हणाले, "माझं नाव वर्णानुक्रमे जिथे येईल तिथे येऊ द्या." ठराव मंजूर झाला. रकमांचा हिशेब मंडळाच्या फलकावर आहेच, ज्याला पाहायचा त्याने पाहावा.

ती यादी या अंकाच्या शेवटच्या दोन पानांवर आहे. अक्षर बारीक आहे, ज्येष्ठांनी चष्मा लावून वाचावी. मुद्रिते तपासण्याचे काम आमच्याकडे होते. आजींचे नाव दुसऱ्या पानावर मधल्या स्तंभात आहे. ते दोनदा वाचून काना-मात्रा बरोबर असल्याची खात्री करून घेतली आहे. तरीही कोणाचे नाव राहून गेले असेल तर मंडळाच्या कार्यालयात अवश्य कळवावे. ते पुढच्या वर्षी, यादी सुरू होण्याआधी, पहिल्याने छापले जाईल.